लॅकरखालचा डाग

६ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राची सुरुवात आशीर्वादाने करायची असते. पण आठ वर्षं ज्याला एक ओळ लिहिली नाही, त्याला आशीर्वाद कुठल्या तोंडाने द्यायचे? म्हणून सरळ कामाचंच लिहिते.

ती बोट परत आली आहे. कुठली, ते तुला सांगायला नको. मधली सगळी वर्षं ती एका शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. आता एका निवृत्त डॉक्टरीणबाईंनी घेतली आहे. बाई पासष्टीच्या, एकट्या आणि माझ्याइतक्याच हट्टी. त्यांना मरायच्या आत एकदा हिच्या शिडात वारा भरलेला बघायचा आहे. लाकडाचं काम सुताराने उरकलं. आता बोटीवरचं सगळं ब्राँझ माझ्या बाकावर येऊन पडलंय. गोल खिडक्यांच्या कडा, दोर बांधायच्या खुंट्या, दोर ओढायचे दोन विंच, बिजागऱ्या, आणि स्क्रूंचं तर विचारूच नकोस. दोन डबे भरून आहेत, त्यातला एकही दुसऱ्यासारखा नाही.

डोलकाठी उभी करायला माणूस हवा. इथे तारांचं काम करणारे आता दोघेच उरलेत. एकाचे हात सकाळपासून थरथरतात आणि दुसरा मोबाइलवर बघून बघून गाठी मारतो. बाईंनी मला विचारलं, चांगला माणूस कोण. मी तुझं नाव घेतलं. बाई म्हणाल्या, ज्याच्या हातून ती डोलकाठी पडली तोच का? मी म्हटलं, हो, तोच. यावर मला आणखी काही बोलायला हवं होतं. मी चहा गाळायला उठले.

तर येशील का? एप्रिलच्या शेवटी काम आहे. चार दिवसांचं. राहायला आपलंच घर आहे, तुझी खोली आहे, फक्त तीत मी पुठ्ठ्याची खोकी रचून ठेवली आहेत. ती हलवीन.

आणि एक. बाबा गेले. त्याला अकरा महिने झाले. झोपेतच गेले, फार त्रास झाला नाही. तुला कळवलं नाही, कारण पत्ता नव्हता. पत्ता नंतर सापडला, तू काम करतोस त्या गोदामाचा, त्यांच्या जुन्या चष्म्याच्या डबीत, घडी घालून ठेवलेला. कधीपासून होता कोण जाणे. मला दाखवला नव्हता. सापडल्यावरही मी सात-आठ महिने तुला लिहिलं नाही, हे मात्र माझं.

ताई

२१ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. यायला हवं असा माझा हट्टही नाही. पण मला लिहायची सवय लागली असं दिसतंय. दुपारी पॉलिशच्या बफचं मशीन बंद केलं की कान सुन्न होतात, आणि त्या शांततेत दुसरं काही सुचत नाही.

बाईंशी रोज वाद चालू आहे. त्यांना वाटत होतं ब्राँझ आरशासारखं लखलखीत हवं. मी म्हटलं, बाई, बोट आहे, लग्नाचा हॉल नाही. लखलखीत ब्राँझ तीन आठवडे टिकतं. मग रोज सकाळी फडकं घेऊन बसा, नाहीतर वर लॅकर मारा. लॅकर मारलं की एका कोपऱ्यात फुटतं, तिथून खारं पाणी आत शिरतं, आणि वरून सगळं छान दिसत असताना खाली काय चाललंय ते कळत नाही. त्यापेक्षा उघडं ठेवा. आधी तपकिरी होईल, मग हिरवट. ते हिरवं वरवरचं असतं, धातूला त्याने काही होत नाही. उलट ते पांघरूण होतं. बाई म्हणाल्या, मग तुमच्या वडिलांच्या वेळी सगळं लॅकरमध्ये का असायचं? मी म्हटलं, तेव्हाची पद्धत होती. ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं.

तुला बाबांचा नियम माहीतच आहे. या बाकावरून डाग असलेला तुकडा खाली उतरायचा नाही. मी बारा वर्षांची असताना त्यांनी मला बफपुढे उभं केलं, आणि पुढची तीस वर्षं माझ्या कामाबद्दल त्यांनी चांगला शब्द काढला असेल तर तो एवढाच, की हिच्या हातात डाग राहत नाही. तुला मात्र बोटीवर चढायला मिळालं. तू वर डोलकाठीच्या टोकाशी लटकून खाली मला वेडावून दाखवायचास, आणि मी तोंडाला रुमाल बांधून काळ्या धुळीत. हेवा वाटायचा रे. आता म्हणायला हरकत नाही.

सगळे नग उतरवून झालेत, एक सोडून. डोलकाठीला डावीकडून धरणाऱ्या तारेच्या खालचा टर्नबकल, ती तार फेरे देऊन ताणायचा पेच, अजून बोटीवरच आहे. उजवीकडचा त्या दिवशी तुटला. हा त्याचा जोडीदार, त्याच साच्यातला, त्याच दिवशी पॉलिश केलेला. तारेचा तुटका शेपटा अजून त्याला लटकतोय. मी दोनदा पाना घेऊन गेले आणि दोनदा परत आले. बाईंना सांगितलं, पिन अडकलीय.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण मला एकदा लिहून काढायचंय. बोट पाण्यात उतरून दोन दिवस झाले होते. शिडवाले काका डेकवर मांडी घालून शिडाची कड शिवत बसले होते, नेहमीसारखे, सुई तोंडात धरून. वारा फार नव्हता. उजवा टर्नबकल तुटला, तार सुटली, डोलकाठी आली ती त्यांच्यावरच. ते जागीच गेले. तपासणीच्या साहेबांनी तुला विचारलं, किती फेरे दिलेस. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, नेहमीइतकेच. तू म्हणालास, डोलकाठी डावीकडे झुकत होती म्हणून उजवीकडे दोन फेरे जास्त दिले. साहेबांनी ते लिहून घेतलं. मग काही विचारायचं उरलंच नाही.

पिन अडकलेली नाही. उद्या काढते.

ताई

९ मार्च

धाकट्या,

काढला.

थिनर लावून लॅकर पुसलं. वरून तुकडा सोन्यासारखा होता, आठ वर्षांनीसुद्धा. पण पेचाच्या आट्यांच्या जवळ, जिथे बोटभर लॅकर उडालेलं होतं, तिथे गुलाबी होतं. हिरवं नाही, गुलाबी. मी तुकडा दोरीला टांगला आणि हातोडीने हलकेच वाजवला. ब्राँझ कसं वाजतं ते तुला माहीत आहे, बराच वेळ घुमत राहतं. हा ठक्क करून गप्प झाला. मग व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉने मधोमध कापला. करवत लाकडातून जावी तशी गेली. आत निम्म्याहून जास्त गुलाबी, नखाने उकरलं तर भुगा पडतो.

तू तारांचा माणूस, म्हणून सांगते. ते टर्नबकल नावाला ब्राँझ होते. पूर्वीच्या कुणा मालकाने बसवलेले, पोटात जस्त भरलेले, म्हणजे पितळच. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याचा भुसा राहतो. आकार तोच राहतो, जोर जातो. असा तुकडा कधी ना कधी तुटणारच. तुझे दोन फेरे नव्हते रे. चांगल्या तुकड्याने तसले दहा फेरे सोसले असते.

हे तुला आठ वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. ज्याने ते तुकडे पॉलिश केले त्याला तो गुलाबी डाग दिसला असणार. बाबांची नजर तेव्हा अधू झाली होती. डाग दिसला तरी त्यांनी घाईत घासून काढला असेल आणि वर लॅकर मारलं असेल. त्यांना आता काय बोलायचं? गेलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही. पण तू तरी मोकळा हो. गोदामात खोकी उचलत बसायचं कारण नाही. साहेबांना मी हा कापलेला तुकडा दाखवीन, हवं तर.

आता तरी ये.

ताई

२० मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. आठ वर्षांनंतर तुझं अक्षर बघितलं, आणि ओळी दोनच. "बाबांवर ढकलू नकोस. त्या आठवड्यात बाबांचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता."

हो. होता. गोदीच्या पायऱ्यांवरून घसरले होते. मी विसरले नव्हते. मला वाटलं तू विसरला असशील.

तर आता ऐक. मी कार्ड समोर ठेवून लिहिते आहे, म्हणजे पुन्हा वाकडी वाट धरता येणार नाही.

दोन्ही टर्नबकल मी पॉलिश केले. आपली पैज लागली होती, आठवतं? ज्याचं काम मागे राहील त्याने आठवडाभर दोघांचा चहा करायचा. तुझ्या तारा दुपारपर्यंत तयार होत्या आणि माझे हे दोन नग उरले होते. उजवा हातात घेतला तेव्हा आट्यांच्या वर पावलीएवढा गुलाबी डाग दिसला. मला तो काय आहे ते माहीत होतं. बाबांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, हिरव्याची चिंता करायची नाही, पण गुलाबी दिसलं तर तुकडा बाजूला ठेव आणि मला हाक मार. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर नवीन तुकडा ओतायला आठ दिवस गेले असते, बोट थांबली असती, बाबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं असतं की बोट माझ्या बाकावर का अडली. आणि तू वरून हसला असतास.

शिवाय मला खरंच वाटलं, वरवरचं असेल. कानस मारली, मग एमरी पेपर, मग बफ. डाग फिका होत होत गेला. वरून एकदा गेला की आत आहे की नाही हे कळायला मार्ग नाही, आणि तो जावा म्हणून तर मी घासत होते. मला तीस वर्षं तेच येत होतं. लॅकरचे तीन हात मारले. तुकडा इतका सुरेख झाला की बाबांनी डाव्या हाताने उचलून उजेडात धरला आणि मान हलवली. पैज मी जिंकले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू चहा केलास, साखर जास्त घालून, मुद्दाम.

डोलकाठी पडली तेव्हा बाबा सगळ्यांत आधी बोटीवर चढले. तू काकांपाशी होतास, तुला काही दिसलं नसेल. तुटलेला तुकडा त्यांनी खिशात टाकला. वर्कशॉपमध्ये आल्यावर तुटलेली बाजू त्यांनी माझ्यासमोर धरली. सगळी गुलाबी. भट्टी पेटलेली होती. एका हाताने चिमटा धरून तुकडा मुशीत टाकला, आणि तो वितळेपर्यंत आम्ही दोघं तिथे उभे होतो. साहेबांना त्यांनी सांगितलं, तो पाण्यात पडला.

मी म्हटलं, बाबा, धाकट्यावर येईल.

ते म्हणाले, "तो कुठेही जाऊन पोट भरेल. हा बाक गेला तर तुला कुठे ठेवू?"

त्यांनी माझ्यासाठी तुला विकलं, आणि मी उभी राहून ते होऊ दिलं. तू आपली पेटी बांधत होतास तेव्हा मी दारात होते. तू म्हणालास, ताई, मला वाटलं होतं दोन फेऱ्यांनी काही होणार नाही. तेव्हा सांगायचं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर तू गेला नसतास. मी म्हटलं, पोचल्यावर कळव.

बाबा नंतर बफच्या खोलीत कधी आले नाहीत. माझ्या कामाला चांगलंही म्हणाले नाहीत, वाईटही नाही. आम्ही सात वर्षं एका टेबलावर जेवलो आणि हवेबद्दल बोललो.

माफी मागत नाही. मागितली की तुला ती द्यावी किंवा नाकारावी लागेल. तेवढंही काम मला तुझ्यावर टाकायचं नाही.

ताई

४ एप्रिल

धाकट्या,

आधी साहेबांकडे गेले. ते आता निवृत्त आहेत, बागेत टोमॅटोला काठ्या लावत होते. कापलेला तुकडा हातात घेऊन त्यांनी बराच वेळ बघितला. मी सगळं सांगितलं, मुशीचंसुद्धा. त्यांनी कार्यालयात फोन लावून दिला. तिथे एका तरुण बाईने माझा जबाब टाइप केला, मला वाचून दाखवला, सही घेतली. जुन्या अहवालाला हा जोडला जाईल. तुझ्या नावापुढचा शेरा काढायला दोन महिने लागतील, पण निघेल. माझं काय ते नंतर कळवणार आहेत. यार्डच्या मालकाने परवापासून मला नवं काम देणं थांबवलंय. त्याचं बरोबरच आहे.

मग काकूंकडे. तिथे जायला मला तीन दिवस लागले.

काकू आता बहिणीच्या घरी मागच्या खोलीत राहतात. काकांचं शिवणाचं मशीन तिथेच आहे, त्यावर त्या पडदे शिवतात. गुडघे गेलेत, पण ताठा तसाच. मी खाली बसून सांगितलं. त्या पडद्याची दुमड घालत राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी मशीनवरून पाय काढला.

"तो पोरगा जायच्या आधी माझ्याकडे आला होता," त्या म्हणाल्या. "जुन्या घराच्या उंबऱ्याशी बसून रडला. मी त्याला म्हटलं, तुझे हात झडोत. ऐकलंस? तुझे हात झडोत, म्हटलं मी त्याला. आणि तू तेव्हा कुठे होतीस?"

मी म्हटलं, बाकावर.

मी उठायच्या वेळी त्यांनी मला शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. त्यांनी सुईत दोरा ओवायला दिला, त्यांना आता दिसत नाही. मी ओवला आणि निघाले. त्यांचा तुला निरोप आहे. शब्द परत घेता येतात का ते त्यांना ठाऊक नाही, पण त्यांनी परत घेतलाय.

तू मला हे कधी सांगितलं नाहीस. सांगणार तरी कसा?

नवीन टर्नबकल मी ओतलेत. खरं ब्राँझ, तांबं आणि कथील, जस्ताचा कण नाही. भट्टीवर दोन दिवस एकटीने काम केलं, पाठीचा काटा ढिला झाला. ओतल्यावर कानस मारली, धुतले आणि सोडून दिले. पॉलिश नाही, लॅकर नाही. कुणीही यावं आणि आरपार बघावं. बाई म्हणाल्या, जरा ओबडधोबड दिसतात. मी म्हटलं, दिसू देत.

बाईंना सगळं सांगितलंय. त्या अजूनही तुलाच बोलवायचं म्हणतात. म्हणजे आता तुझ्या यायच्या आड कोणी नाही, तू सोडून.

ताई

३ मे

धाकट्या,

तू कालच गेलास आणि मी आज लिहायला बसले. तुला वाटेल म्हातारी चेकाळली.

तू आलास. मला वाटलं होतं दारात काहीतरी होईल, तू ओरडशील किंवा मी रडेन. तू म्हणालास, खोकी हलवली नाहीस अजून? आणि स्वतःच हलवायला लागलास. केस पांढरे झालेत तुझे. जेवताना ताटावर वाकून बसायची सवय बाबांची लागलीय. चार दिवसांत आपण कामाचं सोडून दहा वाक्यं बोललो असू. मला तेवढी पुरली. तुला पुरली की नाही ते मी विचारलं नाही.

काकू आल्या होत्या तेव्हा मी मुद्दाम बफच्या खोलीत जाऊन दार लावलं. त्यांनी तुझे दोन्ही हात धरून ठेवले होते, एवढं काचेतून दिसलं.

डोलकाठी उभी राहिली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचे डोळे भरले. तारा तू एकेक करून लावल्यास. मी खालून बघत होते. मी कामच बघते, मला दुसरं काही येत नाही. उजव्या टर्नबकलला तू दांडी लावलीस, फिरवलीस, थांबलास, आणि मग अर्धा फेरा उलटा दिलास. पुन्हा फिरवलीस, पुन्हा अर्धा फेरा उलटा. मग हात पँटला पुसलेस आणि म्हणालास, झालं.

आज सकाळी मी नगांना तेल लावायला बोटीवर गेले. उजवीकडच्या तारेवर तळहात ठेवून दाबलं. ती सहज आत दबली. डावीकडची पण सैल आहे, पण उजवीकडची फारच. डोलकाठी हाताने हलते. मला तारांचं काम येत नाही, पण एवढं कळतं. जरा जोराचा वारा आला की ही डोलकाठी वर झटके खायला लागेल आणि मग काय होतं ते आपण दोघांनी बघितलंय.

तुकडा चांगला आहे, धाकट्या. मी स्वतः ओतलाय, तू स्वतः वाजवून बघितलास, घुमत होता. तुला खरं काय ते कळलंय, कागदावर सही झालीय, काकूंनी शब्द मागे घेतलाय. पण तुझ्या हाताला हे कोणी सांगितलेलं नाही. तुझा हात अजून आठ वर्षांपूर्वीच्या त्या सकाळीच आहे. तिथे मी त्याला ठेवून आले. माझ्या जबाबात हे कुठेच लिहिलेलं नाही.

दांडी तिथेच डेकवर होती. मी उचलली. चार फेरे देणं मला जमलं असतं, कोणाला कळलं नसतं. बोट गुरुवारी पाण्यात उतरणार होती. बाईंनी माणसं बोलावली होती. तुझं नाव इतक्या वर्षांनी कुठे स्वच्छ झालं, ते तसंच राहिलं असतं. मी दांडी हातात धरून किती वेळ बसले मला माहीत नाही. सुतार येऊन विचारून गेला, बरं वाटत नाही का.

मग मी खाली उतरले आणि बाईंना सांगितलं. तारा सैल आहेत. माझ्या भावाने काम पुरं केलेलं नाही, त्याचे हात धजत नाहीत, आणि त्याला कारण मी आहे. गुरुवार रद्द करा. बाई म्हणाल्या, दुसऱ्या माणसाला बोलवू का? मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांबा. त्या थांबणार आहेत. यार्डमध्ये संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलंय. ज्यांनी काल तुझी पाठ थोपटली ते आज कुजबुजतायत. हे दुसऱ्यांदा मी तुझ्यावर आणलं, आणि या वेळी बोलून आणलं.

तुला वाईट वाटेल, माहीत आहे. कदाचित तू यायचा नाहीस, पुन्हा लिहायचाही नाहीस. मला फार भीती वाटते आहे. आठ वर्षं मी तुझ्याशिवाय काढली ती खोटं पांघरून काढली. आता पुन्हा काढायला लागली तर अंगावर काहीच नसेल.

पहिली गाडी सकाळी सहाची आहे. शनिवारी मी यार्डच्या फाटकाशी असेन. तू दांडी लाव, मी समोर उभी राहते, डोलकाठीच्या खाली, काका बसायचे त्या जागी. किती फेरे हवेत ते तुलाच कळतं. दे तितके.

ताई